जबलपूरची निस्सान पसरणी घाटात: काटा कुठे चढतो ते बघा

मार्ग: पुण्याचा नवले पूल, शिरवळ, खंबाटकीचा जुना घाट, सुरूर फाटा, वाई, पसरणी, पाचगणी. गाडी: जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत बनलेली, लिलावातून सुटलेली निस्सान वन टन हा लष्करी ट्रक, सहा सिलिंडरचे 3956 सीसीचे मूळ पेट्रोल इंजिन. महिना मे. तक्रार एवढीच, की 'हीट मारते'. या तक्रारीवर अनेक गॅरेजांत पहिला इलाज असतो थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाण्याची रेडिएटरकडची वाट अडवणारी झडप) काढून फेकण्याचा, आणि बहुतेक वेळा तो फुकट जातो. गाडी नेमकी कुठे तापते हे आधी पाहिले तर अर्धे निदान पान्याला हात न लावता होते. त्यासाठी हा रस्ता सोयीचा आहे: तुंबलेली वाहतूक, सपाटी आणि दोन घाट एकाच सकाळी मिळतात.

निघण्याआधी दोन गोष्टी. गाडी रात्रभर गार झालेली असताना रेडिएटरचे झाकण उघडून, पाणी मानेपर्यंत भरून इंजिन सुरू करा. सुरुवातीचे एक-दोन बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात. पण रेस दिल्यावर बुडबुड्यांची माळच लागली, तर ज्वलनाचा वायू पाण्यात शिरतो आहे, म्हणजे हेड पॅकिंग (ब्लॉक आणि वरचे हेड यांमधला सांधा बंद करणारी पट्टी) गेले किंवा हेडला तडा आहे. अशी गाडी घाटात नेऊ नका. दुसरे म्हणजे डॅशबोर्डच्या काट्यावर विश्वास टाकू नका. अर्थिंग कच्चे असले की काटा मनाला येईल ते दाखवतो. थर्मोस्टॅटच्या घरावर काळ्या टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर इन्फ्रारेड थर्मामीटर धरा. चकचकीत धातूवर ते यंत्र कमी आकडा दाखवते, म्हणून टेप.

नवले पुलाजवळ गाड्या खोळंबल्या तेव्हा 81 अंश सेल्सिअसचा आकडा दहा मिनिटांत 93 वर गेला आणि चाके फिरू लागताच उतरला. उभ्याने तापते, पळताना निवते: हा पंख्याचा दोष. आयडलवर, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन मंद चालू ठेवून, वर्तमानपत्राचे एक पान पुढच्या जाळीला लावून सोडा. ते चिकटून राहिले पाहिजे. इथे ते वरच्या बाजूला चिकटले आणि खाली लोंबत राहिले, कारण पंख्याभोवतीची काउल, म्हणजे हवेला वळण देणारे गोल कवच, कुणीतरी काढून टाकलेली. पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी कडेची गरम हवाच घुसळत होता. काउल पत्र्याची बनवून घेता येते. पंख्याची पाती निम्मी काउलीच्या आत, निम्मी बाहेर, आणि टोकापासून सगळीकडे 20 ते 25 मिमी जागा, एवढे सांभाळा. पट्टा दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्याने दाबला की 10 ते 15 मिमी दबावा. डिझेल इंजिन बसवलेल्या गाड्यांत पंख्याचा मध्य रेडिएटरच्या मध्याशी बहुतेकदा जुळत नाही. तिथे कितीही मोठा रेडिएटर टाका, रडगाणे तेच. जाळीपुढे जेरीकॅन आणि दिव्यांची आरास करणाऱ्यांनी हवा कुठून येणार याचाही विचार करावा.

शिरवळपर्यंत 60 च्या वेगात आकडा स्थिर. सपाटीवर वेगात काटा हळूहळू चढत गेला असता तर दोष पाण्याच्या प्रवाहाचा: तुंबलेला कोअर (रेडिएटरच्या नळ्यांची जाळी), झिजलेला वॉटर पंप किंवा खालचा होज पाईप. हा पाईप पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. आतली स्प्रिंग गंजून गेली की रेस देताच तो चपटा होतो. बॉनेट उघडून कुणाला तरी रेस द्यायला सांगा, डोळ्यांनी दिसते.

खंबाटकीत दुसऱ्या गिअरमध्ये आकडा 96 झाला आणि माथ्यावर येऊनही लवकर उतरेना. सुरूरला थांबून रेडिएटरच्या कोअरवर थर्मामीटर फिरवला: वरून खाली आकडा सावकाश कमी होत जायला हवा, पण खालच्या डाव्या कोपऱ्यात एकदम 20 अंशांची घसरण. तिथल्या नळ्या बंद. यावर रेडिएटरवाल्याकडे रेडिएटरची टाकी उतरवून रॉड मारून घेणे, म्हणजे नळ्यांत सळई घालून त्या मोकळ्या करणे, हाच खरा उपाय. इंजिन ब्लॉकही तपासा. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या लष्करी गाड्यांत गंजाचा गाळ मागच्या सिलिंडरांभोवती बसतो. ब्लॉकची तोटी उघडून पाणी आले नाही, तर तार घालून खरवडा, मग होजने उलट दिशेने धुवा. निघालेले पाणी मोजा. मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा जितके कमी, तितका गाळ आत.

रेडिएटर साफ असूनही फक्त चढावर तापत असेल तर टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, बघा. डिस्ट्रिब्युटरमधली वजने गंजून अडकली की रेस वाढली तरी ठिणगी लवकर पडत नाही, आणि उशिरा जळणारे पेट्रोल उष्णता पाण्यात सोडते.

वाई ते पाचगणी हे बारा-तेरा किलोमीटर, चढ 550 मीटरांच्या पुढे. इथे वेगळेच झाले: आकडा 97, तरी ओव्हरफ्लो नळीतून पाणी फेकायला सुरुवात. सुमारे 1300 मीटर उंचीवर उघडे पाणी 96 अंशांच्या आसपासच उकळते. झाकणाने दर चौरस इंचाला 7 पौंड दाब धरला तर तेच पाणी 107 पर्यंत टिकते. झाकण उपडे केल्यावर रबरी वॉशरला भेग दिसली. नवे झाकण मूळ दाबाचेच घ्या. 13 पौंडाचे लावले तर जुन्या टाकीचे सोल्डर सांधे उघडतात.

सोबत 20 लिटर पाणी, एक झाकण, एक पट्टा, दोन्ही होज आणि क्लिपा ठेवा. तापलेले झाकण अर्ध्या तासाआत उघडू नका. पाणी घालायचे ते इंजिन आयडलवर ठेवून, बारीक धारेने. तापलेल्या हेडवर गार पाणी ओतले की तडा.

पाचगणीत पोहोचल्यावर चावी लगेच फिरवू नका, दोन-तीन मिनिटे आयडल चालू द्या. बंद केल्यावर आकडा पाच-सात अंशांनी वाढतो, तो दोष नव्हे. चहानंतर गाडी सुरू होऊन लगेच गुदमरली तर बहुधा पेट्रोल पंपात वाफ धरली आहे. पंपावर ओले फडके टाका, पाच मिनिटे थांबा आणि मग स्टार्टर मारा.