फाट्यावर कुणीच नव्हतं

सायकलच्या ग्रुप राइडला पंक्चर झालं ते ३४व्या किलोमीटरला, मागच्या चाकात. माझ्यासोबत एक जण थांबला होता, पण मीच त्याला म्हटलं, "तू हो पुढे, मी येतेच." तो गेला. मी चाक काढलं, टायरच्या आतून हळूच बोट फिरवून काटा शोधला, नवी ट्यूब घातली, हवा भरली. १५ मिनिटं गेली असतील. ग्रुप ताशी २४च्या वेगाने चालला होता, म्हणजे तेवढ्यात सहा किलोमीटर पुढे. हे गणित तेव्हा डोक्यात आलंच नाही.

तीन किलोमीटरवर फाटा लागला. दोन्ही रस्ते सारखेच रुंद, पाटी नाही. कुणी थांबलं असेल असं धरूनच मी आले होते. कुणीच नव्हतं. फोनला रेंज नव्हती. जीपीएस उपग्रहावरून चालतं, त्याला रेंज लागत नाही, त्यामुळे निळा ठिपका दिसत होता. पण नकाशा आधी डाउनलोड केलेला नव्हता. करड्या पडद्यावर नुसता ठिपका. मी कुठे आहे हे फोनला कळत होतं, मला नाही. रूटची जीपीएक्स फाइल, म्हणजे ठरलेला रस्ता नकाशावर दाखवणारी फाइल, फक्त लीडरकडे.

डावीकडचा रस्ता जास्त वापरातला वाटला, म्हणून तो धरला. सात किलोमीटर गेल्यावर एक काका भेटले. "सायकलवाले? सकाळपासून इकडून कुणीच गेलं नाही, पोरी." पाण्याची एक बाटली रिकामी झाली होती, दुसरी अर्धी. त्या क्षणी पोटात जो गोळा आला तो अजून आठवतो. मागे फिरले, फाट्यावर आले आणि तिथेच बसून राहिले. त्या दिवशी मी केलेली एवढी एकच गोष्ट बरोबर होती.

तासाभराने लीडर आला, एकटाच, घामाने निथळत. पुढच्या थांब्यावर त्याने मोजलं तेव्हा बाराचे अकरा भरले. त्याआधी त्याने विचारलं होतं, "सगळे आहेत ना?" आणि पुढच्यांनी "हो" म्हटलं होतं. या प्रश्नाचं उत्तर जे हजर असतात तेच देतात. जो मागे राहिला तो कसा देणार? त्याने सबब सांगितली नाही. "चूक माझी," एवढंच म्हणाला आणि स्वतःची बाटली पुढे केली.

चूक माझीही होती, हे मी मान्य करते. बीआरएमची, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब अंतर पार करायच्या सायकल राइडची, गोष्ट वेगळी. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात आणि प्रत्येक जण आपापल्या जबाबदारीवर चालवतो, हा तिथला नियमच आहे. पण ग्रुप राइडला लोक येतात ते कुणीतरी आपल्याला मोजतंय या भरवशावर. म्हणून "तुम्ही व्हा पुढे" हे लीडरने ऐकायचं नसतं, असं माझं ठाम मत झालं आहे.

आता मी राइड लीड करते तेव्हा फाइल आदल्या रात्री सगळ्यांना जाते. शेवटी एक स्वीप, म्हणजे सगळ्यांच्या मागे राहणारा सायकलस्वार असतो, तो कोण हे निघताना सगळ्यांना चेहऱ्याने दाखवते. प्रत्येक वळणावर माझ्या लगेच मागचा सायकलस्वार थांबतो आणि स्वीप दिसेपर्यंत हलत नाही. पुढच्या वळणाला दुसरा. वेगवान मंडळी आधी कुरकुर करतात, थांबून पाय गार पडतात म्हणतात. पडू देत.

गेल्या राइडला एका नवख्या मुलाची चेन तुटली. "ताई, तुम्ही व्हा पुढे," तो म्हणाला. स्वीप त्याच्याजवळ थांबला, चेन टूल काढलं. ग्रुपला पुढच्या थांब्यावर थांबायला सांगून मी वळणावर सायकल आडवी टाकली आणि रस्त्याकडे बघत बसले. पंचविसेक मिनिटांनी चढावर आधी एक हेल्मेट दिसलं, मग दुसरं. मी उठून मोजलं. दोन.