ना विमानाचे, ना बोटीचे

क्रूझचं बुकिंग करताना माणूस बारीकसारीक सगळं बघतो. केबिनला बाल्कनी आहे का, डेक कितवा, डोक्यावर नाचगाण्याचा हॉल तर नाही ना, लिफ्ट जवळ हवी की लांब बरी. विमानाचं तिकीटही तितक्याच काळजीनं काढतो. पण विमान जिथे सोडणार आणि बोट जिथून उचलणार, त्या दोन ठिकाणांच्या मध्ये बरीच जमीन आहे, हे बहुतेकांच्या ध्यानात येतं ते निघायच्या आठवड्यात. मग रात्री उशिरा फोनवर नकाशा उघडतो, दोन बोटांनी मोठा केला जातो आणि घरात आवाज उमटतो, “अगं, हे बंदर शहरात नाहीच की!”

बंदर शहरात नसणं ही तशी नेहमीचीच गोष्ट. कंपनीच्या कार्यक्रमात ‘रोम’ लिहिलेलं असतं. बोट उभी असते चिव्हितावेक्कियाला, रोमपासून सुमारे ७० किलोमीटरवर. ‘पॅरिस’ म्हणजे ल हाव्र आणि ‘बर्लिन’ म्हणजे वार्नेम्युंडे. दोन्ही ठिकाणांहून राजधानी गाठायची तर दोनशेच्या आसपास किंवा त्याहून जास्त किलोमीटर तुडवावे लागतात. लंडनच्या नावावर खपणारं साउदॅम्प्टन हीथ्रो विमानतळापासून शंभरेक किलोमीटर. ऑर्लॅंडोला उतरून पोर्ट कॅनाव्हरलला निघालेल्यांपुढे ७० किलोमीटरचा सरळसोट हायवे. व्हेनिसची तर वेगळीच गंमत. १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना सेंट मार्क्स चौकाच्या समोरून आणि जुदेक्का कालव्यातून जायला बंदी आहे. त्यामुळे ‘व्हेनिसहून’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही क्रूझ प्रत्यक्षात रावेन्ना किंवा त्रिएस्तहून सुटतात. व्हेनिसच्या मधोमध, पुलाशेजारचं, महागडं हॉटेल हौसेनं घेतलेल्या जोडप्याला ही बातमी कळते तेव्हाचा त्यांचा संवाद ऐकण्यासारखा असावा, अर्थात लांबून.

उलट उदाहरणंही आहेत. फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलचा विमानतळ आणि पोर्ट एव्हरग्लेड्स हे बंदर इतके शेजारी आहेत की उतरताना खिडकीतून बोटी दिसतात, आणि रस्ता मोकळा असेल तर टॅक्सी दहा-पंधरा मिनिटांत पोहोचते. पण सगळ्यात कडी केली आहे ती हाँगकाँगनं. तिथला काई ताक विमानतळ १९९८ मध्ये बंद झाला. समुद्रात घुसलेली त्याची लांबलचक धावपट्टी तशीच पडून होती. २०१३ मध्ये तिच्या टोकाला क्रूझ टर्मिनल उघडलं. म्हणजे विमानतळ आणि बोटीचा धक्का यांतलं अंतर शून्य, अशी जगातली एकमेव आदर्श जागा तिथे होऊ शकली असती. फक्त तोवर विमानं लांटाऊ बेटाकडच्या नव्या विमानतळावर निघून गेली होती. आता तिथे बोट पकडायला येणारा प्रवासी दूरवर उतरतो आणि अर्ध्या शहराला वळसा घालून जुन्या धावपट्टीवर येतो.

माझं म्हणणं असं की या मधल्या पट्ट्यात माणूस कुणाचाच नसतो. विमान कंपनीची जबाबदारी बॅगांच्या पट्ट्यापाशी संपते. क्रूझ कंपनीची सुरू होते टर्मिनलच्या दारात. पुढे आठ-दहा दिवस आपल्याला कुणी हातात टॉवेल देणार, कुणी खुर्ची ओढून देणार, संध्याकाळी कुठे काय आहे ते छापून उशीवर ठेवणार. पण त्याआधीच्या एका रात्रीत आणि एका सकाळी आपला वाली कुणी नाही. खरा प्रवास म्हणायचा तो एवढाच. बाकीचं सगळं म्हणजे बसून राहणं. निरनिराळ्या उंचीवर, इतकंच.

पूर्वी हा प्रश्न नव्हता. म्हणजे होता, पण तो प्रवाशानं सोडवायचा नव्हता. बोट ट्रेन नावाची सोय होती. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनात गाडीत बसायचं, गाडी थेट साउदॅम्प्टनच्या गोदीत, बोटीच्या शेजारी जाऊन थांबायची. १० एप्रिल १९१२ रोजी टायटॅनिकचे कितीतरी प्रवासी असेच सकाळी गाडीनं आले आणि दुपारी बोट सुटली. ज्यांना सकाळची धावपळ नको होती, ते आदल्या रात्री बंदराजवळच्या साउथ वेस्टर्न हॉटेलात मुक्कामाला होते. व्हाइट स्टार लाइनचे प्रमुख ब्रूस इस्मे त्यांतलेच. आदल्या दिवशी पोहोचून जवळ राहावं, हा सल्ला इतका जुना आहे. (पुढे जे झालं त्यात हॉटेलचा काही दोष नाही.)

हा सल्ला आजही सगळे देतात आणि मीही देतो. विमान चार तास उशिरा आलं तर हॉटेल रागावत नाही, बोट निघून जाते. बॅग मागच्या विमानतळावर राहिली तर दुसऱ्या दिवशी सकाळी ती हॉटेलात पोहोचू शकते. भर समुद्रात तिला कोण आणून देणार? आणि बोट वेळेला चिकटून असते त्यामागे कॅप्टनचा कडकपणा कमी आणि कागदपत्रं जास्त. अमेरिकेतून सुटणाऱ्या बोटीला प्रवाशांची पक्की यादी सुटण्याच्या किमान ६० मिनिटं आधी सरकारला द्यावी लागते. म्हणून चेक-इन त्याच्याही आधी बंद होतं. शिडी अजून लावलेली असते, वरच्या डेकवर बँड वाजत असतो, लोक हात हलवत असतात, पण यादी गेलेली असते. शिवाय २०१५ पासूनच्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार नव्यानं चढलेल्या प्रवाशांची सुरक्षा कवायत बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटल्यासुटल्याच व्हायला हवी. ‘अडलंय काय, पुढच्या बंदरात गाठू’ म्हणणाऱ्यांसाठी १८८६ चा एक अमेरिकन कायदा अजून जिवंत आहे. परदेशी जहाजानं एका अमेरिकन बंदरातून प्रवासी घेऊन दुसऱ्या अमेरिकन बंदरात उतरवू नये, असा त्याचा मथितार्थ. त्यामुळे मायामीला चुकलेली बोट ‘की वेस्ट’ या फ्लोरिडातल्याच दुसऱ्या बंदरात पकडून परत मायामीलाच उतरणार म्हटलं, तर ते बेत कागदावरच अडकतात.

तर आदल्या रात्रीचं हॉटेल. बंदरांच्या गावातली ही हॉटेलं एक वेगळीच जात आहे. तिथे सुट्टीवर आलेले सगळे असतात, पण सुट्टी कुणाचीच सुरू झालेली नसते. पोहण्याचा तलाव रिकामा असतो, कारण उद्यापासून त्याहून मोठा मिळणार आहे. जेवायला लोक बेतानं बसतात, कारण उद्यापासून रात्रंदिवस खायचं आहे. रिसेप्शनपाशी मात्र गर्दी. ‘मोफत शटल’ हे दोन शब्द वाचून निर्धास्त झालेल्यांना तिथे बारीक अक्षरांची ओळख होते. मोफत असतं ते बहुधा विमानतळापासून हॉटेलपर्यंत. हॉटेलापासून बंदरापर्यंतचे पैसे वेगळे, आणि जागा मर्यादित. एका हॉटेलात तर काउंटरच्या कडेला क्लिपबोर्डवर एक कागद होता, दोरीनं बांधलेलं पेन, आणि सकाळच्या वेळांचे रकाने. साडेदहा आणि अकराचे रकाने आदल्या संध्याकाळीच भरलेले. एका बाईंनी समासात उभं नाव लिहून पुढे बाण काढला होता. सकाळी त्या बसल्यासुद्धा. बाणाचा मान राखला गेला.

रात्रीचं मुख्य काम असतं टॅगचं. कंपनी टॅग पाठवते तो कागदावर. घरी छापायचा, ठरलेल्या रेघांवर घडी घालायची, बॅगेच्या मुठीभोवती गुंडाळायचा आणि स्टेपल करायचा. त्यावर नाव, बोट, तारीख आणि केबिनचा नंबर. विमानात चढण्यापूर्वी तो लावू नये, एवढं शहाणपण बहुतेकांना असतं, कारण विमानतळाचे पट्टे कागदाला दयामाया दाखवत नाहीत. म्हणून टॅग लागतो तो हॉटेलात, आणि स्टेपलर घरून कुणीच आणलेला नसतो. रिसेप्शनवरच्या मुलाला हे पाठ असतं. आपण तोंड उघडायच्या आत तो स्टेपलर पुढे सरकवतो. मग लॉबीच्या सोफ्यावर गंभीर चेहऱ्याचे आजोबा गुडघ्यात बॅग दाबून टॅग गुंडाळतात, आजी पकडून धरते, स्टेपलर कागदाच्या चार घड्यांतून अर्धाच जातो, पिन वाकडी बसते, आणि आजोबा त्यावर पारदर्शक चिकटपट्टीचे इतके वेढे देतात की केबिनचा नंबर वाचायला अंतर्ज्ञान लागावं. शेजारच्या सोफ्यावरची मंडळी हे सगळं पाहत थांबलेली असतात, कारण स्टेपलर एकच. ओळखी होतात त्या इथेच. बोटीवर पाच हजार माणसांत ही माणसं पुन्हा दिसतीलच असं नाही. पण दिसली, तर ती ‘स्टेपलरवाली’ म्हणूनच लक्षात राहतात.

वाहनाचं म्हणाल तर मी टॅक्सीच्या पक्षाचा. क्रूझ कंपनीची बस वाईट नसते. विमानतळावर बोर्ड घेऊन माणूस उभा असतो, आणि कंपनीनंच ठरवलेली बस वाटेत अडकली तर बोटीला निदान ते ठाऊक असतं. परक्या गावात, जिथून बंदर दोन तासांवर आहे तिथे, ही मनःशांती विकत घ्यावी. पण बस पैसे घेते माणशी आणि टॅक्सी घेते गाडीचे. एकट्याला बस परवडते, चौघांना टॅक्सी; दोघा-तिघांच्या बाबतीत हिशेब करण्यात जो वेळ जातो तो धरला तर चालत गेलेलं बरं. शिवाय बस सगळे आल्याशिवाय हलत नाही, आणि ‘सगळे’ या शब्दात कायम एक कुटुंब असं असतं ज्यांची एक बॅग अजून यायची आहे. टॅक्सीत अडचण एकच. तिच्यात चार माणसं बसतात, चार मोठ्या बॅगा बसत नाहीत. डिकी उघडल्यावर ड्रायव्हर आधी बॅगांकडे बघतो, मग आपल्याकडे, आणि त्या नजरेत दुसरी गाडी बोलावण्याचा सल्ला असतो. मोठी गाडी आधीच सांगावी. लोकल ट्रेनही आहेच. रोमच्या तेर्मिनी स्टेशनातून तासाभरात चिव्हितावेक्किया येतं. पण स्टेशन म्हणजे बोट नव्हे. तिथून आधी लार्गो देल्ला पाचे नावाच्या ठिकाणी जायचं, तिथून बंदराची बस. जिने, फलाटाची उंची आणि आपली बॅग यांचा विचार करूनच या मार्गाला लागावं.

गाडी बंदराच्या हद्दीत शिरली की ड्रायव्हर विचारतो, “कुठलं टर्मिनल?” तोवर आपल्या डोक्यात बंदर म्हणजे एक बोट आणि तिच्यासमोर एक दार. साउदॅम्प्टनला टर्मिनलं पाच आहेत. बार्सिलोनाच्या लांबलचक धक्क्यावर ती ओळीनं पसरली आहेत आणि उन्हात एकापासून दुसऱ्यापर्यंत बॅग ओढत जाणं ही शिक्षा आहे. सिंगापूरला दोन आहेत, वेगवेगळ्या जागी. सिडनीत टर्मिनलं वेगवेगळ्या जागी असण्याचं कारण छान आहे. हार्बर ब्रिजखालून उंच जहाजं जाऊ शकत नाहीत. म्हणून मोठी बोट पुलाच्या अलीकडे, ‘सर्क्युलर की’ नावाच्या धक्क्याला थांबते. तिथे विमानतळाची ट्रेन जवळजवळ बोटीसमोर उतरवते. लहान बोट पुलाखालून पलीकडे व्हाइट बेला जाते, आणि तिथे ट्रेनच नाही. बोट जितकी लहान तितकी वाट अवघड. ड्रायव्हरला टर्मिनलचं अक्षर नाही, बोटीचं नाव सांगितलं तरी पुष्कळदा चालतं. त्याला कुठली बोट कुठे लागली आहे ते आपल्या कंपनीच्या ॲपपेक्षा आधी कळलेलं असतं.

टर्मिनलच्या दारात पोर्टर उभे असतात. त्यांना बघून काही जण हातातली बॅग आणखी घट्ट धरतात, पण तिथे सोडून द्यायचं असतं. पोर्टर टॅग बघतो, बॅग मोठ्या लोखंडी पिंजऱ्यात टाकतो आणि ती दिसेनाशी होते. संध्याकाळपर्यंत ती केबिनच्या दारापाशी येते. या क्षणी दोन-तीन गोष्टी खांद्यावरच्या पिशवीत असाव्यात: पासपोर्ट, औषधं आणि पोहण्याचे कपडे. पासपोर्ट पिंजऱ्यात गेला की पुढचा तास मनोरंजक होतो. आणि ज्यांनी बॅगेत इस्त्री भरली आहे त्यांची बॅग दारापाशी येत नाही. आगीच्या भीतीनं इस्त्रीला बोटीवर मनाई असते. बॅग एका खोलीत अडकवून ठेवतात आणि मालकाला तिथे बोलावतात. संध्याकाळी त्या खोलीबाहेर रांग असते. रांगेतली सगळी माणसं अतिशय नीटनेटकी.

आणि याच वेळी दुसऱ्या दारातून आदल्या फेरीचे शेवटचे लोक बाहेर पडत असतात. एकाच दिवसात एका बोटीतून काही हजार माणसं उतरतात आणि तितकीच चढतात. उन्हानं रापलेले, दुपारच्या विमानाच्या चिंतेत घड्याळ बघणारे, ढिल्या झालेल्या टॅगांच्या बॅगा ओढणारे. त्यांना टॅक्सी हवी असते. आपण उतरतो, त्याच डिकीत त्यांच्या बॅगा बसतात का ते ड्रायव्हर बघतो, मग त्यांच्याकडे बघतो, आणि दार लावता लावता विचारतो, “कुठलं टर्मिनल?”