तुम्ही विचारलंत म्हणून: पडलेले झाड जंगलातच का राहू द्यायचे?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटी, कणकुंबी किंवा हेमाडग्याकडे भुंगेऱ्यांविषयी बोलायला गेलो, की एक प्रश्न हमखास येतो. "गुरुजी, पडलेलं लाकूड कुजूनच जाणार न्हवं? मग ते चुलीत गेलं तर काय बिघडलं ओ?" प्रश्न रास्त आहे. तो विचारणाऱ्या बाईने डोक्यावरची मोळी बहुधा नुकतीच उतरवलेली असते, त्यामुळे त्याला वरवरचे उत्तर देणे मला पटत नाही.

पडलेले लाकूड कुजते हे खरे, पण जाड खोड कुजायला अनेक वर्षे लागतात आणि त्या वर्षांमध्ये त्यात कितीतरी जीव जन्मून वाढतात. ज्यांच्या नराचे जबडे सांबराच्या शिंगांसारखे पुढे आलेले असतात, ते स्टॅग बीटल त्यांपैकीच. युरोपातील लुकानस सर्व्हस या जातीचा अभ्यास सर्वाधिक झाला आहे. तिची अळी तीन ते सात वर्षे कुजत्या लाकडात काढते, आणि बाहेर पडलेला प्रौढ भुंगेरा जेमतेम एक हंगाम जगतो. आपल्या पश्चिम घाटात याच कुळातील ओडोन्टोलाबिस बर्मेस्टेरी ही मोठी, देखणी जात आहे, जी दक्षिण भारताबाहेर कोठेही आढळत नाही. असा भुंगेरा पावसाळ्यात दिव्यापाशी आला, की आपण त्याला पाहतो आणि तेवढेच त्याचे आयुष्य समजतो. प्रत्यक्षात त्याचे बहुतेक आयुष्य लाकडाच्या आत, आपल्या नजरेआड गेलेले असते. म्हणून खोड उचलून नेले तर नुसते यंदाचे भुंगेरे जात नाहीत, तर त्याच्या आत वेगवेगळ्या वयाच्या जेवढ्या अळ्या असतील तेवढ्या वर्षांची पुढची पिढी एकदम जाते.

सावलीत पडलेल्या, बोटाने दाबल्यावर भुसभुशीत लागणाऱ्या ओंडक्याची साल हलकेच उचलून पाहिली, तर कधीकधी पॅसॅलिड कुळातील भुंगेरे दिसतात. ते लांबट आणि चकचकीत काळे असतात, आणि त्यांच्या पाठीवर उभ्या रेघा असतात. बोटांत धरला, तर तो चक्क कुरकुरतो. पोटाचा वरचा भाग पंखांवर घासून तो हा आवाज काढतो. त्यांची अळी पाहताना तिला चारच पाय आहेत असे वाटते, कारण पायांची तिसरी जोडी आखडून एवढीशी झालेली असते आणि ती दुसऱ्या जोडीच्या मुळाशी खरवडून अळीसुद्धा आवाज काढते. नर आणि मादी दोघे मिळून लाकडात बोगदे पाडतात आणि पिलांसोबतच राहतात. अळ्यांना थेट लाकूड पचत नाही. आईबापांनी चावून बारीक केलेला, त्यांच्या विष्ठेत मिसळलेला आणि बुरशी व जिवाणूंनी मऊ केलेला भुसा हेच त्यांचे अन्न असते. अळी कोष करायला लागली, की त्या कोषाच्या कामातही मोठे भुंगेरे मदत करतात. ज्याला आपण "नासलेलं लाकूड" म्हणतो, त्यात असा अख्खा संसार चाललेला असतो. (साल उचललीच, तर ती पुन्हा जशीच्या तशी झाकून ठेवावी, आणि ओंडका फोडून तर कधीच पाहू नये.)

हे भुंगेरे दुर्मिळ का होतात, याचे कारण त्यांच्या घरातच आहे. युरोपात 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या लाल यादीत, म्हणजे कोणत्या जाती धोक्यात आहेत हे सांगणाऱ्या यादीत, कुजत्या लाकडावर जगणाऱ्या सुमारे सातशे जातींच्या भुंगेऱ्यांचा आढावा घेतला गेला, आणि त्यांतील जवळजवळ 18 टक्के जाती धोक्यात असल्याचे आढळले. जुनी झाडे नाहीशी होणे हे त्याचे मुख्य कारण. स्वीडनमध्ये ऑस्मोडर्मा या पोकळ झाडांतील भुंगेऱ्यावर जे संशोधन झाले, त्यातून दिसले की प्रौढ भुंगेऱ्यांपैकी साधारण 15 टक्केच आपले जन्माचे झाड सोडतात, आणि सोडले तरी बहुतेक काहीशे मीटरच्या आतच थांबतात. ते अंतर मनात ठेवून आपल्याकडचे चित्र पाहावे. खानापूर तालुक्यातले भीमगड अभयारण्य 2011 मध्ये जाहीर झाले आणि त्याचे क्षेत्र सुमारे 190 चौरस किलोमीटर आहे, त्यामुळे तिथल्या रानात या जीवांना अजून आधार आहे. मात्र त्याच्या बाहेर अकेशिया, निलगिरी आणि काजूच्या लागवडी वाढल्या आहेत. अकेशिया आणि निलगिरी तर लहान वयातच तोडली जातात. अशा लागवडीत कुजायला म्हातारे झाड उरतच नाही, आणि जुन्या रानाच्या दोन तुकड्यांमधले ते अंतर अशा जेमतेम काहीशे मीटर जाणाऱ्या भुंगेऱ्यांना ओलांडणे कठीण असते. त्यातच फेब्रुवारी-मार्चमध्ये लागणारे वणवे सुकलेले ओंडके आधी गिळतात. उभे झाड वणव्यातून वाचते, पण जमिनीवर पडलेले लाकूड वाचत नाही, आणि हिरवे रान पाहून आपण समाधान मानतो.

आपल्या मुलखात हे सांभाळण्याची रीत नवीन नाही. देवराईतली वाळकी काटकीसुद्धा घरी नेऊ नये, हे आपल्या आजीने आपल्याला सांगितलेले असते. त्या नियमामागे देवाचा धाक होता, तरी त्याचा परिणाम असा झाला की देवराईत झाड उभे वाळते, पडते आणि पडल्या जागीच माती होते. आजूबाजूच्या रानात हे चक्र तुटले, तरी देवराईत ते चालू राहिले. देवळाचा जीर्णोद्धार करताना देवराईतली जुनी झाडे विकून पैसा उभा करण्याचा विचार गावात निघाला, तर माझा त्याला स्पष्ट विरोध असतो. पोकळ झाड पैसे देऊन परत मिळत नाही. पोकळी तयार व्हायला त्या झाडाचे अर्धे आयुष्य लागलेले असते.

ऊस करणारे शेतकरी आणखी एक प्रश्न विचारतात: ही पांढरी, वाकलेली अळी हुमणीच नाही का? दिसायला सारखी असली तरी नाही. हुमणी शेताच्या मातीत राहते आणि उसाच्या जिवंत मुळ्या खाते. स्टॅग बीटलची अळी कुजके लाकूड खाते आणि पिकाला तोंड लावत नाही. शंका असेल तर अळीचा मागचा भाग पाहावा. स्टॅग बीटलच्या अळीच्या गुदद्वाराची फट उभी असते, आणि हुमणीची आडवी किंवा इंग्रजी वाय अक्षरासारखी. रानातल्या ओंडक्यावर हुमणीचे औषध मारणे म्हणजे निरपराध्याला शिक्षा करणे आहे.

आता मूळ प्रश्नाकडे. चूल पेटायची थांबावी, असे मी कोणालाही सांगत नाही. अभयारण्याच्या हद्दीत लाकूड उचलण्यावर कायद्याचे बंधन आहेच, पण बाहेरच्या रानात बारीक फांद्या आणि झुडपांचे सरपण नेले, तर या भुंगेऱ्यांचे फारसे बिघडत नाही. त्यांना हवे असते ते जाड, सावलीतले आणि ओल धरणारे खोड. तेवढे सोडावे. जांभूळ, ऐन, किंजळ, नाणा, जे काही पडले असेल ते तसेच पडून राहू द्यावे. वाळून उभे असलेले झाड घरावर, गोठ्यावर किंवा वाटेवर पडण्याचा धोका नसेल, तर तेही उभेच ठेवावे. त्याच्या पोकळीत पुढे धनेश पक्ष्यालाही घर मिळू शकते. पावसात झाड रस्त्यावर आडवे पडले, तर रस्त्यापुरता तुकडा कापून वाट मोकळी करावी आणि बाकीचे खोड लोटून झाडांच्या सावलीत कडेला ठेवावे.