तुम्ही विचारलंत म्हणून: टाइप १ मधुमेह मुलींना जास्त होतो की मुलग्यांना?

निदान सांगून झाले, इन्सुलिन कसे टोचायचे ते दाखवून झाले, की बरेच पालक जरा घुटमळतात आणि विचारतात, “डॉक्टर, हा आजार मुलींना जास्त होतो का?” समोर मुलगा असेल तर प्रश्न उलटा होतो. माझे ठरलेले उत्तर असे, की १५ वर्षांखालील मुलामुलींत त्याचे प्रमाण जवळजवळ सारखे असते. पालकांचे तेवढ्याने समाधान होते. माझे इतक्या वर्षांत झालेले नाही.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशींवर उलटते. अशा प्रकारचे बहुतेक आजार स्त्रियांना कितीतरी अधिक होतात. ल्युपसच्या १० रुग्णांपैकी साधारण ९ स्त्रिया असतात. ज्यांना आपोआप मधुमेह होतो अशा, प्रयोगशाळेतल्या ‘नॉड’ उंदरांतही तो माद्यांनाच फार होतो. म्हणजे नवल फरकाचे नाही, तो नसण्याचे आहे.

शिवाय ‘सारखे’ हा सगळ्यांचा मिळून झालेला हिशेब. फिनलंड किंवा सार्डिनियासारख्या, हा आजार भरपूर आढळणाऱ्या प्रदेशांत मुलगे काहीसे अधिक असतात, तर जिथे तो विरळ आहे, तिथे बहुधा मुलींचे पारडे किंचित जड असते. वयानेही चित्र बदलते: मुली लवकर वयात येतात आणि त्या काळातल्या संप्रेरकांमुळे इन्सुलिनची गरज वाढते, त्यामुळे आधीच कमी झालेल्या बीटा पेशींचे पितळ त्यांच्यात मुलग्यांपेक्षा एक-दोन वर्षे आधी उघडे पडते. वयात आल्यानंतर मात्र, निदान युरोपीय वंशाच्या लोकांत, तरुण पुरुषांची संख्या स्पष्टपणे पुढे जाते. इस्ट्रोजेन हे स्त्रियांमधले संप्रेरक बीटा पेशींना सांभाळत असावे, असा एक तर्क यावर मांडला जातो. मला तो पटण्याजोगा वाटतो, पण तो तर्कच आहे.

पालकांच्या प्रश्नामागे पुष्कळदा धाकट्या भावंडाची काळजी असते. भावंडाला हा आजार होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त, तरीही शेकडा ५ ते ६ च्या आसपासच असते, आणि ते बहीण आहे की भाऊ याने तिच्यात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो आईवडिलांच्या बाबतीत: टाइप १ मधुमेह असलेल्या वडिलांच्या अपत्यांना तो होण्याचा धोका, तोच आजार असलेल्या आईच्या अपत्यांपेक्षा सुमारे दुप्पट असतो.