जिलबी करपली

परवा दुपारी ओटा पुसून जरा आडवी होणार तेवढ्यात पोरगी हॉलमधून ओरडली, "आई, जिलबी करपली!" मी आधी गॅसकडे धावले. मग आठवलं, आज काय, जन्मात कधी आपण जिलबी केलेली नाही, आणि जिलबी म्हणजे टाकीतला गोल्डफिश.

पण खरंच करपलेली दिसत होती. शेपटीची कड काळी, पाठीवर डाग, आणि कल्ल्यापाशी तर कुणीतरी तीट लावल्यासारखा ठिपका. पोटात गोळाच आला, कारण महिन्याभरापूर्वी लाडू गेला होता.

लाडू आणि जिलबी वाढदिवसाचे. हवा भरलेली पिशवी, वर रबरबँड, सोबत सिनेमात असतो तसला गोल बाऊल आणि दाण्यांची पुडी. पाणी चोवीस तास आधी बादलीत भरून ठेवायचं म्हणजे क्लोरीन उडून जातं एवढं दुकानदाराने सांगितलं होतं, ते मी अगदी घड्याळ लावून केलं. आणि आठवड्यातच लाडू वर तोंड काढून हवा गिळायला लागला, पर अंगाला चिकटवून, एका जागी.

आता आमच्याकडे आजारपणाची ठरलेली पद्धत आहे. कपाळाला हात लावायचा, जीभ बघायची, काल बाहेरचं काय खाल्लंस ते विचारायचं. माशाचं कपाळ कुठून सुरू होतं इथूनच माझी तयारी नव्हती. मग दुकानात गेले. त्याने पुढचं काही न विचारता निळी बाटली काढून दिली, मिथिलिन ब्लू. मला एकदम लहानपणीचा कंपाउंडर आठवला, खिडकीतून लाल मिक्श्चर देणारा, बाटलीवर डोसांच्या खुणांची कागदी पट्टी डकवलेली. खोकला असो, पोट असो, मिक्श्चर तेच, आणि बरं पण वाटायचं हो. त्याच श्रद्धेने मी निळे थेंब टाकले. माझी बोटं निळी, ओट्यावर निळा डाग (तो अजून आहे), आणि लाडू तिसऱ्या दिवशी गेला. त्याला कुंडीत पुरला. पोरगी रडली नाही, फक्त त्या दिवशी जेवली नाही.

नंतर रात्रभर जागून वाचत बसले तेव्हा कळलं की आजारी मासा नव्हताच, आजारी पाणी होतं. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो, शिवाय त्याची घाण आणि उरलेले दाणे आहेतच. तो अमोनिया खाणारे बॅक्टेरिया असतात, ते त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात, आणि हे बिऱ्हाड नव्या टाकीत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. चार ते सहा आठवडे! आणि मी दर दोन दिवसांनी बाऊलमधले खडे काढून नळाखाली खसाखसा घासत होते, एकही बुळबुळीत राहू नये म्हणून. ती बुळबुळ म्हणजेच ते बॅक्टेरिया. उरलेसुरले असतील ते त्या निळ्या औषधाने गारद झाले असणार. माझ्या स्वच्छतेचं सासरी केवढं कौतुक आहे, काय सांगू.

वर खायला चार वेळा. गोल्डफिशला म्हणे जठरच नसतं, नुसती आतडी, त्यामुळे तो सदा भुकेलाच दिसतो, आणि आपल्याकडे भुकेल्या तोंडाला नाही म्हणायची रीत नाही.

मग जिलबीसाठी साठ लिटरची टाकी आणली, फिल्टर लावला, रोज पाव पाणी बदललं, आणि मीठ. हो, मीठ! लिटरमागे एक ग्रॅम, म्हणजे साठ ग्रॅम खडेमीठ वजनकाट्यावर मोजून, विरघळवून, दोन दिवसांत थोडं थोडं. नायट्राइटचा त्रास मिठाने कमी होतो असं वाचलं आणि मला हसूच आलं, कारण आजीचं सगळं वैद्यक मिठावर चालायचं. घसा दुखला, मिठाच्या गुळण्या. पाय मुरगळला, मिठाचा शेक. काहीच सापडलं नाही तर मीठ-मोहरी ओवाळून चुलीत. मोहऱ्या तडतडल्या की म्हणायची, "बघ, केवढी लागली होती." मी जिलबीवरून मीठ ओवाळलं नाही. एकदा हात वर गेला होता फक्त.

टेस्ट किट पण आणलं. नळीत टाकीतलं पाणी, वर थेंब, पिवळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं की अमोनिया. तीन आठवडे मी सकाळी चहाआधी ती नळी खिडकीशी धरून बघायचे. गेल्या सोमवारपासून पिवळं.

आणि आता हे काळं. पुन्हा दुकानात जायला पाय उचलला होता, पण या वेळी आधी वाचलं. अमोनियाने भाजलेली कातडी भरून येताना बऱ्याचदा काळी पडते म्हणे, मग हळूहळू जाते. पाणी तपासलं, पिवळंच. जिलबी पर पसरून फिरत होती, दाणे मागत होती. म्हणजे खपलीच की! आजी म्हणायची, काळी पडली ना, म्हणजे आतून भरतंय, हात लावू नकोस. लाडूला खपली धरण्याइतका वेळ मी दिलाच नाही.

हे सगळं पोरीला नीट समजावून सांगितलं. ती मान हलवत ऐकत होती आणि एकीकडे नखाने स्वतःच्या गुडघ्यावरची, सायकलवरून पडली होती त्याची, खपली उचकटत होती. अगं हात लावू नकोस म्हणेपर्यंत निघाली पण.