ओव्हरटाइमचा नियम लावताना

रात्री १० ते ६ च्या पाळीतला कामगार सकाळी ८:१० ला बाहेरचा पंच करतो. हजेरीच्या सॉफ्टवेअरमध्ये दिवस मध्यरात्री बदलत असेल तर २ तास आदल्या तारखेला, ८ तास १० मिनिटं दुसऱ्या तारखेला पडतात. दिवसाची मर्यादा ९ तास असेल, तर ती कुठल्याच तारखेला ओलांडली जात नाही आणि ओव्हरटाइम शून्य. म्हणून हजेरी पाळी सुरू झाल्याच्या तारखेलाच जोडा.

दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तास अशा दोन्ही मर्यादा असतील, तर बेरीज करू नका. सहा दिवस रोज १० तास भरले, तर रोजचे जादा ६, आठवड्याचे १२. मोठा आकडा, म्हणजे १२, धरा, १८ नव्हे.

पंधरा मिनिटांचं राउंडिंग (वेळ पंधराच्या पटीत आणणं) रोज खाली केलं की कामगाराच्या हक्काची मिनिटं कापली जातात, तीही ओव्हरटाइमची, म्हणजे दुप्पट दराची. ते बंदच ठेवा.