आग विझल्यावरची वीस मिनिटं

वर्दी आली तेव्हा पहाटेचे पावणेचार झाले होते. गोदाम गाद्यांचं, म्हणजे फोम. फोम जळताना कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही सुटतो, हे आम्ही सगळे प्रशिक्षणात घोकून आलेलो असतो. त्यामुळे आत जाणारा प्रत्येक जण बीए सेट, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर आणि तोंडाला मास्क, लावूनच गेला. मी दाराशी बोर्ड घेऊन उभा होतो. कोण किती वाजता आत गेला, सिलिंडरमध्ये किती बार दाबाची हवा होती, सगळं लिहीत होतो. 300 बारचा सिलिंडर अंगमेहनतीत अर्ध्या तासात उतरतो, म्हणून घड्याळावरून नजर हलवता येत नाही.

दोन तासांनी ज्वाळा गेल्या. कूलिंग सुरू झालं आणि एकेकाने मास्क काढले. मीही काढला. सगळ्यांच्या टॅल्या, म्हणजे बोर्डावर लावायच्या नावाच्या पट्ट्या, परत घेतल्या, बोर्ड पुसला. ढिगारा उपसायचा, धुमसतं तिथे पाणी मारायचं, एवढंच काम उरलं होतं. धूर विरळ झाला की माणूस निर्धास्त होतो. ढिगारा मात्र गॅस सोडतच असतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास.

साधारण वीस मिनिटांनी आमचा सगळ्यात तगडा फायरमन बाहेर येऊन बंबाच्या पायरीवर बसला. म्हणाला, "साहेब, डोकं ठणकतंय." मला वाटलं, उकाडा आणि जागरण. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर 98. म्हटलं, "पाणी पी, पाच मिनिटं बस." तो हेल्मेटचा पट्टा सोडवायला गेला. बक्कल हनुवटीखाली होतं आणि त्याची बोटं कानामागे चाचपडत होती. दहा वर्षांत हजार वेळा उघडलेलं बक्कल त्याला सापडेना. मग त्याने विचारलं, "आग विझली का?" मी हो म्हटलं. मिनिटभराने पुन्हा तेच.

रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरने ऑक्सिमीटर बाजूला ठेवला आणि आधी ऑक्सिजनचा मास्क चढवला. ते साधं यंत्र रक्ताचा रंग बघतं. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं, म्हणून आकडा छान येतो आणि माणूस आतून गुदमरत असतो. दवाखान्यात रक्त तपासलं तर अशा हिमोग्लोबिनचं प्रमाण 22 टक्के. साध्या हवेत ते निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण दीड तास. त्या 98 वर विसंबून मी त्याला पाच मिनिटांनी पुन्हा आत पाठवणार होतो.

आता कूलिंगलाही गॅस मीटर आत जातो आणि त्याने मोकळीक दिल्याशिवाय मास्क उतरत नाही. काजळीने माखलेलं जॅकेटही जागेवरच धुऊन पिशवीत बंद होतं. पूर्वी काळं जॅकेट आम्ही मिरवायचो. आगीशी झुंजण्याचं हे काम कर्करोगकारक असल्याचं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2022 मध्ये जाहीर केलं, तोवर माझी निम्मी नोकरी तसलंच जॅकेट गाडीत टाकून घरी नेण्यात गेली होती.

तो दहा दिवसांनी ड्युटीवर आला. रक्त ठीक, झोप मात्र नाही. रात्रपाळीला बूट घालूनच बसायचा. मला वाटलं, सगळ्यांना एकत्र बसवून बोलतं करावं. बसवलं. प्रत्येकाने काहीबाही सांगितलं, तो गप्प. समुपदेशकांनी नंतर मला बाजूला घेऊन सांगितलं की, असं सक्तीने एका बैठकीत मन मोकळं करायला लावू नये, जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते. त्याच्या आसपास राहा, त्याला हवं तेव्हा ऐका.

मग मी सकाळचं सिलिंडर तपासायचं काम त्याच्यासोबत करू लागलो. एक जण गेज वाचणार, दुसरा लिहिणार. आठवडाभर फक्त आकडे. एका सकाळी गेज हातात धरून तो थांबला.

"साहेब, ती वीस मिनिटं मला आठवतच नाहीत. ब्रँच, पाण्याच्या पाइपाचं तोंड, माझ्याकडे होती, जोडीदार पुढे होता. मी त्याला सोडून आलो का? बोर्डावर वेळ असेल ना?"

"बोर्डावर काही नाही," मी म्हणालो. "मास्क काढल्यावर मीच तो पुसला."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "जोडीदाराला विचारू?"

जोडीदार बाहेर होज गुंडाळत होता. मी त्याला हाक मारली.